सुई कोणाच्या हातात

शिरीन एबादी १९६९ मध्ये इराणमध्ये न्यायाधीश झाल्या, १९७५ मध्ये तेहरानच्या एका न्यायालयाच्या प्रमुख झाल्या. चार वर्षांनी क्रांती झाली आणि नव्या राजवटीने ठरवलं की बाईला निवाडा करता येणार नाही. एबादींना घरी पाठवलं नाही. ज्या न्यायालयाच्या त्या प्रमुख होत्या, तिथेच त्यांना कारकून केलं. पुढे त्यांनी वकिली केली, २००३ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. न्यायाधीशाची खुर्ची मात्र परत मिळाली नाही.

इराणमधल्या कर्तबगार स्त्रियांची यादी करायला बसलं तर ती सहज लांबते. गणितातलं फील्ड्स पदक मिळवणारी जगातली पहिली स्त्री मरियम मिर्झाखानी (२०१४) इराणचीच. नर्गिस मोहम्मदींना २०२३ चं शांततेचं नोबेल जाहीर झालं तेव्हा त्या तुरुंगात होत्या. अशा याद्या आपल्याकडेही दर ८ मार्चला निघतात. पदक कोणाला मिळालं हे त्यांतून समजतं. पण कोणता निर्णय बाईच्या हातात आला आणि आलेला तिथे टिकला का, हे समजत नाही. मला हाच प्रश्न मोठा वाटतो. तो विचारायला गडचिरोली-चंद्रपूरइतका योग्य मुलूख महाराष्ट्रात दुसरा नाही.

डॉ. राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या, स्त्रीरोगतज्ज्ञ. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन त्या आणि डॉ. अभय बंग ऐंशीच्या दशकाच्या मध्यात गडचिरोलीत आले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. जिल्हा तेव्हा नवा होता, १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झालेला. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची राणीताईंनी तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, एकेकीला सरासरी ३.६. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला.

त्या काळात ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण, बाळंतपण आणि नसबंदी. सरकारी योजनेच्या लेखी बाईचं शरीर तेवढ्यापुरतंच होतं. पांढरं जाणं, कंबर दुखणं, पाळीतला त्रास हे बायका ‘बाईच्या जातीला असायचंच’ म्हणून सोसत होत्या आणि कुणी विचारत नव्हतं. या अभ्यासातल्या जवळपास निम्म्या बायकांची काही तक्रारच नव्हती, आजार मात्र त्यांच्यातल्याही बहुतेकींना होता. वसा-अमिर्झाच्या बायका तपासणीच्या टेबलावर झोपायला तयार झाल्या, न बोलायच्या गोष्टी बोलल्या, म्हणून जगभरच्या आरोग्यधोरणाला आपली व्याख्या बदलावी लागली. त्या ६५० जणींची नावं कुठल्याही यादीत नाहीत. माझ्या लेखी तो अभ्यास त्यांचाही आहे. राणीताईंनाही बहुधा हे मान्य असावं. ‘कानोसा’ आणि ‘गोईण’ या त्यांच्या पुस्तकांत गावातल्या बायका रुग्ण म्हणून कमी आणि जाणत्या म्हणून जास्त भेटतात.

पुढचं पाऊल याहून धाडसाचं होतं. नवजात बाळं मरत होती ती मुख्यतः जंतुसंसर्ग, कमी वजन आणि जन्मताच श्वास कोंडणं यांनी. दवाखाना लांब, पावसाळ्यात नाले भरलेले, शिवाय ओल्या बाळंतिणीला आणि बाळाला घराबाहेर काढायचं नाही ही रीत. मग उपचारच घरात नेला तर? ३९ गावांतल्या थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. बाळाचं वजन घ्यायचं, ताप मोजायचा, श्वास मोजायचे, आणि संसर्ग ओळखून स्वतः जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. तुलनेसाठी ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. संसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी शंभरात सोळा-सतरा दगावत, ते प्रमाण तीनच्या खाली आलं. हाही अभ्यास ‘लॅन्सेट’मध्येच, डिसेंबर १९९९ च्या अंकात.

सातवी-आठवी शिकलेल्या बाईच्या हातात तान्ह्या बाळासाठी सुई द्यायची या कल्पनेला डॉक्टरांच्या जगात विरोध झाला. तो समजण्यासारखा होता, सुरक्षिततेची काळजी खरीच होती. पण आकड्यांनी त्या काळजीला उत्तर दिलं, तरी अडचण संपली नाही. २०११ मध्ये नवजात बाळाच्या घरच्या घरी काळजीचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, म्हणजे आशाताई, घरी जाऊ लागल्या: दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर सात, आणि भेटी पूर्ण झाल्या की अडीचशे रुपये. वजनकाटा, थर्मामीटर, फॉर्म सगळं आशांकडे आलं. इंजेक्शन आलं नाही. २०१४ मध्ये केंद्राने जेंटामायसिन द्यायची परवानगी दिली ती परिचारिकेला, एएनएमला. गडचिरोलीच्या प्रयोगातली मेहनत सरकारने उचलली आणि अधिकार मागे ठेवला. आशा आजही सरकारदरबारी ‘स्वयंसेविका’ आहे.

इथे पुन्हा इराणकडे पाहायला हवं. तिथल्या खेड्यांत ‘आरोग्य घर’ असतं आणि ते चालवणाऱ्या कार्यकर्त्याला ‘बेहवर्ज’ म्हणतात. बेहवर्ज शक्यतो त्याच गावची, आई-मुलांच्या कामासाठी स्त्री, दोन वर्षं प्रशिक्षण घेतलेली आणि पगारी. १९८५ च्या सुमारास हे जाळं देशभर पसरायला लागलं. म्हणजे ज्या राजवटीने एबादींना न्यायासनावरून उतरवलं, तिनेच खेड्यातल्या बाईला पगार आणि पद दिलं. इराणी स्त्रियांच्या कर्तबगारीबद्दल लिहिताना हजारो बेहवर्ज स्त्रियांना वगळलं तर चित्र चुकतं. गावातल्या बाईचं आरोग्याचं काम नोकरी मानायचं की सेवा, हे त्या देशाने चाळीस वर्षांपूर्वी ठरवून टाकलं. आपण अजून मानधनाच्या आंदोलनांत अडकलो आहोत.

श्रेयाचंही असंच होतं. कवयित्री फरोग फरोखजाद यांनी १९६२ मध्ये तबरीझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीवर माहितीपट केला, तिथल्याच एका मुलाला दत्तक घेतलं. चित्रपटावर दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव आहे. त्याच काळात वरोऱ्याजवळ आनंदवनात, कुष्ठरुग्णांच्याच वसाहतीत, साधनाताई आमटे रांधत होत्या, शुश्रूषा करत होत्या, माणसं जोडून ठेवत होत्या. त्या कामाला श्रेयनामावली नसते; ‘समिधा’ हे त्यांचं आत्मकथन लिहिलं गेलं नसतं तर आपल्याला त्यातलं फार थोडं कळलं असतं. गडचिरोलीतल्या हेमलकशात सत्तरच्या दशकापासून डॉ. मंदाकिनी आमटे आहेत, भूलतज्ज्ञ. जिथे वीज नव्हती तिथे शस्त्रक्रियेला भूल देणं ही काय जबाबदारी आहे हे कुठलाही शल्यविशारद सांगेल. २००८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना आणि त्यांच्या पतीला मिळून होता, तरी बोलताना तो आपण एकाच नावावर लावतो.

आणि हातात आलेला निर्णय टिकतो का, याचं उदाहरण म्हणजे दारू. गडचिरोलीत १९९३ मध्ये जिल्हाभर दारूबंदी आली. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी आणि ‘श्रमिक एल्गार’ संघटनेच्या बायकांनी दारूबंदीसाठी डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत पायी मोर्चा नेला. १ एप्रिल २०१५ ला बंदी झाली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू वाढली, महसूल बुडाला, ही कारणं पुढे आली. अवैध दारू वाढली होती हे खरं आहे. पण अंमलबजावणी करायची होती शासनाने, आणि ती जमली नाही याची किंमत मोजली मोर्चात चाललेल्या बायकांनी.

एक मार्ग मात्र मंत्रालयाच्या मर्जीवर नाही. गावातल्या एक चतुर्थांश स्त्री मतदारांनी सह्या केल्या की गावातलं परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोनच चिन्हं, उभी बाटली आणि आडवी बाटली. अट अशी की झालेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. जी बाई मतदानाला आली नाही तिचं वजन आपोआप दुकानाच्या पारड्यात जातं. आणि या दोन्ही जिल्ह्यांतल्या मजूर बायका धान निघालं की मिरची तोडायला तेलंगणात जातात, उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. अट झालेल्या मतदानाच्या निम्म्यावर आणायला हवी. ते होईपर्यंत निदान एवढं व्हावं की चंद्रपूरच्या कुठल्याही गावात हे मतदान मिरचीच्या हंगामात लावलं जाणार नाही.