गणवेशाची दुमड

शाळा उघडायचे दिवस जवळ आले की ढाणकीसारख्या गावात शिलाई मशिनी रात्री उशिरापर्यंत चालतात. उमरखेड तालुक्यातला हा कापूस-सोयाबीनचा पट्टा. बी-खताचा खर्च आणि शाळेचा खर्च एकाच महिन्यात दारात उभे राहतात. म्हणून आई शिंप्याला बजावते, “खाली चार बोटं दुमड ठेवा.” पोर उंच झाली की दुमड उसवायची, तोच गणवेश आणखी एक वर्ष निघतो.

गणवेशाचं मूळ काम मात्र गरिबी झाकणं. दुकानदाराची लेक आणि मजुराची लेक एका बाकावर बसल्या, तर कपड्यावरून घर ओळखू येऊ नये. पण गणवेशाने गरिबी झाकायची, की श्रद्धाही?

फ्रान्सने 2004 मध्ये कायदा करून सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांना बंदी घातली. ब्रिटनमधल्या अनेक शाळांनी मात्र गणवेशाच्याच रंगाचा हिजाब चालवून घेतला. कर्नाटकातल्या हिजाबबंदीवर सर्वोच्च न्यायालयात 13 ऑक्टोबर 2022 रोजी दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही: हेमंत गुप्ता यांनी बंदी उचलून धरली, तर सुधांशु धुलिया यांनी मुलीच्या शिक्षणाला पहिलं स्थान दिलं. 2024 मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बिल्ला यांवर घातलेल्या बंदीलाही याच न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली.

सहशिक्षणाचा प्रश्नही याच वाटेने जातो. 1848 मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात फुले दांपत्याने काढलेली शाळा फक्त मुलींची होती. 1884 ची हुजूरपागाही मुलींचीच. मुलांच्या शाळेत लेक पाठवायला घरं तयार नव्हती, तेव्हा वेगळी शाळा हे दार ठरलं. अफगाणिस्तानात 2021 पासून सहावीनंतर मुलींना शाळाच बंद आहे. तिथे वेगळेपणाची भिंत झाली.

म्हणजे एकत्र की वेगळं, डोकं झाकलेलं की उघडं, हा पहिला प्रश्न नव्हे. या नियमाने मुलगी शाळेत येते की घरी बसते, हा पहिला प्रश्न. शिस्त तिच्यानंतर.

महाराष्ट्राने 2024-25 मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ आणला. कपडे उशिरा आले, कित्येकांना मापात बसले नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला. या समितीत गावातलेच पालक असतात. पुढच्या बैठकीत त्यांनी रंग जरूर ठरवावा. पण ओढणी आणि रुमालही त्याच रंगात चालतील, एवढी ओळ ठरावात घालावी. आणि ठराव करण्याआधी एकदा मुलींना विचारावं.