टोचणी लागली, पण मुकुट सुटेना



महत्त्वाकांक्षा वाईट असते का? सत्संगात तरुण मुलं हे हमखास विचारतात. आणि खरंच, बढती हवी, धंदा वाढावा, यात पाप ते काय? आज त्यासाठी एका जुन्या नाटकाकडे जाऊ. शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’, साधारण १६०६ सालचं. शिरवाडकरांनी ते ‘राजमुकुट’ या नावाने मराठीत आणलं.

मॅकबेथ हा स्कॉटलंडचा शूर सरदार. लढाई जिंकून येताना त्याला तीन चेटकिणी भेटतात. सांगतात, तू राजा होशील. बरोबर मित्र बँको असतो, त्यालाही म्हणतात, तुझे वंशज राजे होतील. भाकीत दोघांनी ऐकलं. बँको झोपायला जाताना देवाला विनवतो की हे वाईट विचार माझ्यापासून दूर ठेव. मॅकबेथ मात्र पत्र लिहून बायकोला सगळं कळवतो आणि तिथून बेत शिजतो. इच्छा दोघांच्याही मनात आली हो! एकाने ती देवापुढे ठेवली, दुसऱ्याने तिला खतपाणी घातलं. मुलांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच सापडतं.

राजा डंकन त्यांच्याच घरी पाहुणा म्हणून येतो. हा माझा आप्त, माझा राजा, आणि पाहुणा, हे मॅकबेथला पुरेपूर कळतं. तो मागेही सरतो. बायको भित्रा म्हणून डिवचते आणि रात्री खून होतो. ती म्हणते, थोड्या पाण्याने हात धुतले की झालं. पुढे तीच झोपेत चालत हात चोळत राहते, रक्ताचा वास जात नाही म्हणते. तिला बघून वैद्य सांगतो, हिला वैद्यापेक्षा देवाची गरज जास्त आहे.

वाल्या कोळ्याची गोष्ट आपल्याला पाठ आहे. घरच्यांनी सांगितलं, तुझ्या पापात आमचा वाटा नाही. इथे तर बायको बरोबरीची वाटेकरी! तरी टोचणी काही वाटली गेली नाही. दोघं एकाच महालात राहून आपापल्या रात्री एकट्याने काढतात.

मग एवढं टोचूनही ते सुटले का नाहीत? कारण टोचणी म्हणजे पश्चात्ताप नव्हे. मॅकबेथला भीती वाटते, झोप येत नाही, पण डोक्यावरचा मुकुट तो उतरवत नाही. उलट तो टिकवायला आधी बँकोला मारवतो, मग मॅकडफची बायको आणि लेकरं. ‘हॅम्लेट’मधला राजा क्लॉडियस तर गुडघे टेकून प्रार्थनेला बसतो. पण त्याला स्वतःलाच कळतं की भावाला मारून मिळवलेलं राज्य आणि राणी अजून आपल्याकडेच आहेत, मग क्षमा कशी मागायची? बसला तसाच उठतो. वाल्याने मात्र वाटमारी सोडली, मग नाम घेतलं.

काही जण म्हणतात, मनाला लावून घेऊ नका, झालं ते सोडून द्या. पण काय सोडायचं? टोचणी की बळकावलेलं? बहिणीला नीट न सांगता हक्कसोड पत्रावर सही घेतली, घर आपल्या नावावर केलं, आणि दर गुरुवारी त्याच घरात आरती. डोळ्यांत पाणीही येतं. पण सद्गुरूंपुढे नुसतं रडून कसं भागेल? डंकन परत येणार नव्हता, हे खरं. मुकुट मात्र उतरवता आला असता. आपली बहीण तर अजून आहे, तिचा फोन नंबरही आपल्याकडे आहे.

या आठवड्यात जपाला बसण्याआधी दोनच प्रश्न स्वतःला विचारू या. मला काय टोचतंय? आणि त्यातलं माझ्या हातात अजून काय आहे? उत्तर ग्रुपवर टाकायचं नाही. ज्याचं आहे त्याच्या दारी घेऊन जायचं.

जय गुरुदेव 🙏