बर्जिल्लयाला आपल्या घरी राहू द्या

शास्त्रपाठ : २ शमुवेल १९:३१-४०



बर्जिल्लय गिलादी ऐंशी वर्षांचा होता. दावीद राजा अबशालोमापुढून पळून महनाइमास आला तेव्हा ह्या म्हाताऱ्याने व आणखी दोघांनी अंथरुणे, भांडी, गहू, जव, डाळी, मध, दही असे सारे त्याच्या थकल्याभागल्या लोकांपुढे आणून ठेवले होते. बंड मोडले, राजा परत निघाला, आणि यार्देनेच्या काठी त्याने बर्जिल्लयास म्हटले की, तू माझ्याबरोबर यरुशलेमेस चल, मी तुझा सांभाळ करीन. म्हाताऱ्याने आपली स्थिती लपविली नाही. अन्नाची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, मग राजाला माझे ओझे कशाला? आईबापांच्या कबरीजवळ, आपल्याच गावी मला मरू द्या, एवढेच त्याचे मागणे. राजाने हट्ट धरला नाही. त्याने त्याचे चुंबन घेतले, त्याला आशीर्वाद दिला आणि घरी जाऊ दिले.

आपल्या मंडळ्यांत आज असे बर्जिल्लय पुष्कळ आहेत. बेळगाव, बडोदे, इंदूर येथील जुन्या घरांत निवृत्त शिक्षक, परिचारिका, रेल्वेतले कामगार एकटेदुकटे राहतात. मुले पुण्याला, बंगळूरला, कोणाची सातासमुद्रांपलीकडे. मुले प्रेमानेच बोलावतात. पण रोजचा शेजार, चर्चमधील आपली बाके आणि कबरस्तानातली आपली माणसे सोडवत नाहीत. अशा माणसाला आपल्या घरी, आपल्या मर्जीने राहता यावे ह्यासाठी हातातला मोबाइल फोन पुष्कळ काही करू शकतो. त्याला नुसते तरुणांचे खूळ समजणाऱ्यांनी हे ऐकावे.

निवृत्तिवेतनाचेच पाहा. दर वर्षी नोव्हेंबर आला की केंद्र सरकारच्या निवृत्तांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. (ऐंशी पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो, बर्जिल्लयाचेच वय!) पूर्वी ह्यासाठी बँकेत जाऊन रांगेत उभे राहावे लागे. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ योजना निघाली व आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा ह्यांवर हे काम होऊ लागले. तरी अडचण उरलीच. जन्मभर भांडी घासलेल्या, कणीक तिंबलेल्या हातांच्या रेषा झिजून जातात आणि यंत्र त्या बाईला ओळखीत नाही. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली आहे. फोनच्या कॅमेऱ्यापुढे बसायचे, सांगितल्यावर डोळ्यांची उघडझाप करायची, आणि घरबसल्या दाखला जातो. एकाच फोनवरून अनेकांचे काम होते. ज्याला हे जमत नाही त्याच्या घरी टपालखात्याच्या पेमेंट्स बँकेतर्फे पोस्टमनही येतो. मात्र आपले निवृत्तिवेतन देणारे खाते ह्या योजनेत आहे ना, हे आधी विचारून घ्यावे.

डोळे मंदावले असतील तर फोनवरील अक्षर मोठे करता येते. गलतीकरांस लिहिताना पौलाने स्वतःच्या हाताने मोठमोठी अक्षरे काढली होती, तेव्हा त्यात कमीपणा कसला? कान गेले असतील त्यांच्यासाठी, समोरच्याचे मराठी बोलणे पडद्यावर लिहून दाखविणारी सोय पुष्कळ फोनांत आहे. किरकोळ दुखण्यासाठी सरकारच्या ‘ई-संजीवनी’वर डॉक्टरांचा सल्ला विनामूल्य मिळतो. शास्त्रवाचन ऐकताही येते, हे तर बहुतेकांना ठाऊक आहे.

आता दुसरी बाजू. इसहाकाचे डोळे मंद झाले तेव्हा त्याला फसविणारा परका नव्हता. आवाज याकोबाचा आहे हे त्या म्हाताऱ्याच्या कानांनी बरोबर ओळखले होते. त्याने पुन्हा पुन्हा विचारले; पण विचारायला जवळ होता तो फसविणाराच. शेवटी केसाळ हातांवर त्याने भरवसा ठेवला. आज तोच डाव फोनवर खेळला जातो. पोलिसाच्या गणवेशातला माणूस पडद्यावर येतो, तुमच्या नावे गुन्हा आहे म्हणतो, तुम्हाला ‘डिजिटल अटक’ झाली आहे असे सांगतो आणि कोणाशी बोलू नका म्हणून तासन्‌तास बसवून ठेवतो. अशी अटक आपल्या देशाच्या कायद्यात नाहीच. फोन खाली ठेवावा आणि ताबडतोब आपल्या माणसाला हाक मारावी. पैसे गेले असतील तर क्षणभरही न लाजता १९३० ह्या क्रमांकावर कळवावे; जितके लवकर कळवाल तितकी रक्कम अडविता येण्याची आशा अधिक.

आणि मुलानातवंडांनो, तुमच्यासाठीही एक शब्द आहे. पुष्कळ घरांत असे चालते की, आजोबांना जमत नाही म्हणून नातू फोन हातातून घेतो, झटपट काम उरकतो आणि गुप्त क्रमांकही आपल्याजवळच ठेवतो. त्यात वाईट हेतू नसतो, हे खरे. पण मग आजोबांच्या पैशांचा हिशेब आजोबांनाच ठाऊक नसतो, आणि औषधासाठी शंभर रुपये लागले तरी त्यांना नातवाचे तोंड पाहावे लागते. दावीद राजा होता; त्याने बर्जिल्लयाला उचलून नेले असते तर कोण अडविणार होते? तरी त्याने म्हाताऱ्याची इच्छा विचारली आणि किम्हामासाठीही त्यालाच बरे वाटेल ते करण्याचे वचन दिले. शेजारी बसा, एकच गोष्ट दहा वेळा दाखवा, बोट त्यांचेच फिरू द्या. ज्यांना हे शिकायचेच नाही त्यांना तसेही राहू द्या. ज्या मंडळ्या उपासनेच्या बदललेल्या वेळा आता फोनवरच कळवितात त्यांनी अशांच्या घरी निरोप घेऊन कोणाला तरी पाठवावे.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी उपासना झाल्यावर तरुण संघातील दोघांनी एक चांगला फोन घेऊन मागच्या बाकावर बसावे. वडीलधाऱ्यांनी आधार कार्ड, निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा क्रमांक, बँकेचे पासबुक आणि आपला चष्मा बरोबर आणावा.