तुमच्या मुलाच्या डब्यात काय आहे?



जून महिना येशूच्या पवित्र हृदयाला वाहिलेला आहे. याच महिन्यात आपल्या मुलांच्या शाळा पुन्हा सुरू होतात. नवे गणवेश आले, नवी दप्तरे आली, वह्यापुस्तकांना कव्हरे घालून झाली. या तयारीत एक गोष्ट आपल्याकडून राहून जाते. ती म्हणजे मुलांचे खाणे. चर्चच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. म्हणून आधी एक प्रसंग सांगतो.

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळच्या मिस्साबलिदानात वेदीसेवा करणारा एक मुलगा चक्कर येऊन खाली बसला. मिस्सा संपल्यावर मी त्याला जवळ घेऊन विचारले, “बाळा, सकाळी काय खाल्लेस?”

“काही नाही, फादर.”

“आणि काल रात्री?”

“वेफर्स.”

मुलगा गरिबाघरचा नव्हता. आईवडील दोघे नोकरीला, घरात फ्रीज, फ्रीजमध्ये सगळे काही. शनिवारी रात्री घरातले एकजण टीव्हीसमोर, दुसरे मोबाईलवर आणि मुलगा वेफर्सचे पाकीट घेऊन त्याच्या खोलीत. सकाळी उठायला उशीर झाला आणि ‘कम्युनियनचा उपवास आहे’ म्हणून तो तसाच आला. ख्रिस्तसभा आपल्याकडून पवित्र कम्युनियनपूर्वी फक्त एका तासाचा उपवास मागते आणि पाणी प्यायल्याने तो मोडत नाही, हे त्या दिवशी मी त्याला सांगितले. पण घरी आल्यावर माझे मन मला खात राहिले. भरल्या घरातले लेकरू उपाशी कसे?

येशूने काय सांगितले?

याईराच्या मुलीची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. बारा वर्षांची ती मुलगी मरण पावली होती. येशूने तिचा हात धरून तिला उठवले. घरातले सगळे आश्चर्याने थक्क झाले. अशा वेळी येशूने त्यांना काय सांगितले? हिला काहीतरी खायला द्या. संत मार्कने हे आठवणीने लिहून ठेवले आहे. मरणातून उठवण्याचे काम प्रभूने केले, जेवू घालण्याचे काम मात्र आईवडिलांवर सोपवले. ते काम आजही आपल्याकडेच आहे. ते आपण वेफर्सच्या पाकिटावर किंवा दहा रुपयांच्या नोटेवर सोपवू शकत नाही.

पाच भाकरी आणि दोन मासळ्यांचा चमत्कारही आठवा. संत योहान सांगतो की, त्या भाकरी जवाच्या होत्या आणि त्या एका मुलाजवळ होत्या. जव म्हणजे त्या काळच्या गोरगरिबांचे धान्य. ती शिदोरी कोणी बांधून दिली, हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. पण लहान मूल स्वतः भाकरी भाजत नाही. कोणीतरी पहाटे उठून चूल पेटवली असेल. त्या घरच्या साध्या शिदोरीला प्रभूने आशीर्वाद दिला आणि हजारो लोक जेवले. माझ्या मनात येते, आज प्रभूने आपल्या मुलाकडे डबा मागितला, तर मूल त्याच्या हातावर काय ठेवील?

माझीही चूक

पालकांना बोल लावण्याआधी मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रार्थना पाठ म्हणणाऱ्या मुलांना मी वर्षानुवर्षे चॉकलेटे वाटत आलो. मुलांच्या कार्यक्रमानंतर वेफर्स आणि थंड पेयाची बाटली ठरलेली. एकदा एक आई हळूच म्हणाली, “फादर, घरी आम्ही नाही म्हणतो आणि इथे तुम्हीच देता. मग मुलं आमचं कसं ऐकणार?” मला उत्तर देता आले नाही. देवाचे वचन शिकल्याचे बक्षीस म्हणजे गोड खाणे, हे मीच त्यांना शिकवत होतो. आता आपल्या वर्गात केळी, शेंगदाण्याची चिक्की, उकडलेले चणे देतो. पहिले दोन रविवार मुलांनी तोंडे वाकडी केली. आता केळ्यांचा घड कोणाच्या वाडीतून आला, यावर गप्पा होतात.

डॉक्टर काय सांगतात?

300 मिलीलीटर थंड पेयाच्या बाटलीत साधारण 30 ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असते, म्हणजे सहासात चमचे. आपण चहात कोणाला सात चमचे साखर घालून दिली तर तो कप परत करील. पण बाटलीतली साखर डोळ्यांना दिसत नाही. वेफर्स आणि कुरकुरीत पाकिटांत मीठ व तेल भरपूर असते. त्याने पोट भरल्यासारखे वाटते, पण अंगाला काही लागत नाही. म्हणून एकाच वर्गात एक मूल वजनाने जड आणि दुसरे फिकट, थकलेले दिसते. कधी कधी जड दिसणाऱ्या मुलाच्या अंगातही रक्त कमीच असते. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी 67 मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. हा प्रश्न फक्त जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरचा नाही. तो आपल्या उंबरठ्याच्या आतही आहे.

आपल्याकडे अनेक घरांत मुलांची न्याहारी म्हणजे चहा आणि खारी किंवा बटर. जेवणासोबत घेतलेल्या चहामुळे अन्नातले लोह अंगात नीट शोषले जात नाही. लहान मुलाला चहाची गरजच नाही. उलट लोह देणाऱ्या गोष्टी आपल्या दारात आहेत. वसईच्या वाड्यांतली पालेभाजी पहाटेच्या लोकलने मुंबईकरांच्या ताटात जाते आणि आपली मुले पाकिटातल्या नूडल्स खातात, याला काय म्हणावे? जवळा, सुकट, मांदेली, बोंबील ही आपल्या किनाऱ्याची स्वस्त आणि कसदार मासळी. गोड हवेच असेल तर आपली सुकेळी आहेतच. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेल्या या मेव्यात वरून साखर घालावी लागत नाही.

शाळेत

शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त तेल, साखर व मीठ असलेले पदार्थ मुलांना विकू नयेत, असा केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम 2020 साली झाला आहे. नियम कागदावर आहे. तो फाटकापर्यंत आणायचा असेल तर पालक-शिक्षक संघाच्या सभेत कोणीतरी उठून बोलले पाहिजे. सभेला जा. कॅन्टीनमध्ये काय मिळते ते विचारा. तक्रार करण्यापेक्षा पर्याय सुचवा: उसळ-पाव, उकडलेले अंडे, पोहे, लिंबू सरबत. मात्र फाटकाबाहेर टोपली घेऊन बसणाऱ्या बाईच्या पोटावर पाय देऊ नका. बोरे, चिंचा, पेरू विकणारीला वेफर्सची माळ लावायला आपल्या मागणीनेच शिकवले.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. अनुदानित शाळांतून आठवीपर्यंतच्या मुलांना दुपारचे शिजवलेले जेवण मिळते. देशात ही योजना 1995 साली सुरू झाली. काही मुले म्हणतात, “खिचडी गरिबांची असते.” हे वाक्य मूल शाळेत शिकत नाही, ते घरी ऐकते. ज्या मुलाच्या घरी सकाळी चूल पेटली नाही, त्याच्यासाठी ती खिचडी त्या दिवसाची रोजची भाकर आहे. ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ म्हणताना आपण भाकर माझ्यासाठी मागत नाही, आमच्यासाठी मागतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2013 साली बजावले होते की, अन्न फेकून देणे म्हणजे गरिबाच्या ताटातले चोरण्यासारखे आहे. आपल्या मुलाच्या डब्यात एक भाकरी जास्त घाला आणि ती कोणासाठी आहे, हे त्याला न सांगता ओळखू द्या.

घरी

मूल आपल्या सांगण्यावरून खात नाही, आपल्याकडे पाहून खाते. बाबा कारल्याची वाटी बाजूला सारत असतील तर मुलाने ती का ओढावी? म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो.

1. दिवसातून निदान एकदा सर्वांनी एकत्र जेवावे. आई विरार लोकलने रात्री उशिरा येत असेल तर ते जेवण सकाळचे असू द्या. त्या वेळी टीव्ही बंद आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत.

2. जेवणाआधी प्रार्थना म्हणावी आणि ती मुलांना म्हणू द्यावी. पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात जेवणापूर्वीच्या व नंतरच्या या प्रार्थनेची आपल्याला मुद्दाम आठवण करून दिली होती.

3. नवी भाजी एकदा नाकारली म्हणून सोडू नका. आवड लागायला आठ-दहा वेळा चाखावी लागते. ताटात थोडी वाढा, जबरदस्ती करू नका, मारू तर मुळीच नका.

4. ‘भाजी खाल्लीस तर चॉकलेट देईन’ असा सौदा करू नका. त्याने भाजी शिक्षा ठरते आणि चॉकलेट बक्षीस. माझ्याकडून झालेली चूक तुम्ही करू नका.

5. मुलांना बाजारात न्या, भाजी निवडायला बसवा, भाकरी थापू द्या. मुलगा असो वा मुलगी. स्वतः केलेले मूल आवडीने खाते.

6. वजनावरून मुलाला चिडवू नका. देवाने दिलेल्या देहाची त्याला लाज वाटता कामा नये. संत पौल आपल्या शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो.

आजी-आजोबांनाही एक विनंती. नातवंडांवरचे प्रेम खिशातल्या गोळ्यांनी दाखवू नका. तुमच्या हातची पेज आणि तुमच्या गोष्टी त्यांना जन्मभर पुरतील.

दहा दिवस

दानिएल आणि त्याचे तीन मित्र बाबेलच्या राजवाड्यात होते. राजाच्या पंक्तीचे अन्न नाकारून त्यांनी दहा दिवस फक्त भाजीपाला आणि पाणी घेतले. दहा दिवसांनी ते इतरांपेक्षा सतेज दिसले. त्यांचा निश्चय आहारासाठी नव्हता, देवाशी एकनिष्ठ राहण्यासाठी होता. तरीही त्यांच्याकडून आपण एवढे शिकू शकतो की, दहा दिवसांचा निश्चयसुद्धा माणसाला बदलतो.

उद्यापासून दहा दिवस आपल्या घरात पाकीट आणि थंड पेयाची बाटली आणायची नाही, असे ठरवूया. जो पैसा वाचेल तो मुलांच्या हातून चर्चमधल्या गरिबांच्या पेटीत टाका. मीही माझ्या टेबलावरचा बिस्किटांचा डबा हलवला आहे. येऊन तपासून पाहा!

तो वेदीसेवक अजूनही सेवेला येतो. परवा मी विचारले, “आज काय खाल्लेस?” तो म्हणाला, “भाकरी आणि अंडं, फादर. बाबांनी केलं.” मला त्या दिवशी प्रवचनाचा विषय मिळाला.

प्रार्थना

हे प्रभू येशू, पहाटे तळ्याकाठी विस्तव पेटवून तू तुझ्या थकलेल्या शिष्यांसाठी भाकर आणि मासळी तयार ठेवलीस. आम्हांलाही आमच्या लेकरांसाठी तसे जागे राहायला शिकव. आमच्या ताटात साधेपणा, आमच्या घरात एकत्र बसायला वेळ आणि आमच्या डब्यात दुसऱ्यासाठी एक घास असू दे. आमेन.

तुमचा धर्मगुरू