यंत्राने सांगितलेले कारण

मनुष्याने आजवर यंत्राकडून काम मागितले, वेग मागितला, अचूकपणा मागितला. कारण मात्र कधी मागितले नव्हते. गिरणीने पीठ दळले की ते घेऊन आपण घरी जातो. आता निराळी वेळ आली आहे. उपग्रहाने टिपलेल्या चित्रातील वाहन रणगाडा आहे की उतारूंची बस, रडारवरचा ठिपका शत्रूचा आहे की नागरी विमानाचा, हे सेनाधिकाऱ्याला सुचविणारी कृत्रिम बुद्धीची साहाय्यक यंत्रे तयार होत आहेत. ज्या सूचनेवरून माणसे मरावयाची, ती सूचना कोणत्या आधारावर केली हे यंत्राने सांगितले पाहिजे, अशी मागणी आता खुद्द लष्करेच करू लागली आहेत.

या मागणीमागे सरकारी पैसा उभा आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील दार्पा या संस्थेने २०१७ ते २०२१ या काळात आपले निर्णय समजावून सांगू शकणाऱ्या कृत्रिम बुद्धीच्या संशोधनाचा एक मोठा कार्यक्रम चालविला. यंत्राची कार्यक्षमता टिकवून त्याचे निर्णय माणसाला कळावेत आणि माणसाने त्यावर योग्य तेवढाच विश्वास ठेवावा, हा त्याचा उद्देश होता. त्याच देशात १९८२ च्या कायद्याने मोठ्या सरकारी खात्यांच्या संशोधनखर्चातील काही हिस्सा लहान उद्योगांसाठी राखून ठेवला. २०१७ पर्यंत तो ३.२ टक्क्यांवर नेण्यात आला. प्रथम कल्पना पारखण्यासाठी थोडी रक्कम, ती पटल्यास नमुना बनविण्यासाठी मोठी रक्कम आणि अखेरीस खरेदीची आशा, अशा या योजनेच्या पायऱ्या. कारण सांगणाऱ्या लष्करी साहाय्यकांच्या कल्पनाही याच पायऱ्या चढत आल्या. आपल्याकडे २०१८ मध्ये ‘आयडेक्स’ योजना सुरू झाली. तिच्यात नवोदित उद्योगांना दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदानाची सोय करण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताच्या संरक्षण मंत्रालयाने कृत्रिम बुद्धीची विश्वासार्हता पारखण्याची जी चौकट जाहीर केली, तिच्या तत्त्वांत पारदर्शकतेचा समावेश आहे. तेव्हा हा प्रश्न परक्यांचा म्हणून बाजूस सारता येत नाही.

प्रश्न असा : राज्याने पैसा देऊन यंत्राकडून कारण मिळविले, म्हणजे मारण्याच्या निर्णयाचे नैतिक उत्तरदायित्व पार पडले काय?

कारण मागण्याची वृत्ती स्वतः उत्तम आहे, याविषयी दुमत नसावे. गोव्याकडील आणि कोकणातील देवळांत आपण कौल लावतो. देवाला लावलेल्या पाकळ्यांपैकी उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. देव कौल देतो, कारण देत नाही. आणि भक्तही ते मागत नाही. पण तेथे कौल मागणारा स्वतः देवापुढे उभा असतो आणि बरेवाईट फळही बहुधा त्यालाच भोगावयाचे असते. युद्धातला कौल दुसऱ्याच्या जिवाविषयीचा असतो, आणि तो दुसरा तेथे उभा नसतो. म्हणून मुक्या यंत्राचा कौल शिरोधार्य मानणे ही श्रद्धा नव्हे, बेपर्वाई आहे.

आम्हां वकिलांना कारणांचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. १९९० साली एस. एन. मुखर्जी विरुद्ध भारत संघ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, न्यायसदृश अधिकार वापरणाऱ्या प्रशासकीय अधिकाऱ्याने सामान्यतः आपल्या निर्णयाची कारणे नोंदविली पाहिजेत. गंमत अशी की, तो खटला लष्करी न्यायालयाच्या शिक्षेविषयी होता, आणि ती शिक्षा कायम करणाऱ्या अधिकाऱ्यावर मात्र लष्करी कायद्याच्या रचनेमुळे असे बंधन नाही, हेही त्याच निकालात ठरले. कारणे लिहावयाची म्हटली की अधिकाऱ्याला मन लावून विचार करावा लागतो, आणि वरच्या न्यायालयाला त्याचा विचार तपासता येतो. म्हणजे कारणाचे मोल त्यातील शब्दांत नाही. ते सांगणारा त्या शब्दांनी बांधला जातो, यात आहे. यंत्राची उलटतपासणी घेता येईल, पण त्याला शपथ घालता येत नाही, शिक्षाही देता येत नाही. त्याने सांगितलेल्या कारणाने बांधला जाणारा कोणी तरी माणूस असावा लागतो.

शिवाय कारण आणि कारणासारखे दिसणारे काही, यांत भेद आहे. आपल्या नैयायिकांनी त्यासाठी हेत्वाभास हा नेमका शब्द योजून ठेवला. यंत्र जे स्पष्टीकरण देते ते पुष्कळदा त्याच्या खऱ्या गणिताचा जबाब नसतो; निर्णय झाल्यावर दुसऱ्या एका रीतीने जुळविलेला तो समजुतीचा सारांश असतो. चित्रातील एक कोपरा उजळवून यंत्र म्हणते, ‘येथे तोफेची नळी दिसते.’ पाहणाऱ्याला ते पटते आणि पटल्यामुळे त्याची शंका मावळते. निर्णय चुकला असेल, तर अशा स्पष्टीकरणाने चूक अधिकच पक्की होते. द्रोणपर्वात अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. वाक्य शब्दशः खोटे नव्हते. धर्मराज सांगतो आहे एवढ्यावर द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले. सांगणाऱ्यावरील विश्वास सांगितलेल्या गोष्टीच्या परीक्षेपेक्षा मोठा झाला की काय होते, हे तेथे दिसते.

याच्या उलटही घडते. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या विन्सेन्स या युद्धनौकेने इराणचे एक प्रवासी विमान पाडले. २९० माणसे मेली. विमान वर चढत असल्याची नोंद नौकेवरील यंत्रांत होती. तरीही ते खाली झेपावत असल्याचे काही खलाशांनी सांगितले. विमानाच्या उड्डाणापासून ते पडेपर्यंत सुमारे सातच मिनिटे गेली. २००३ च्या इराक युद्धात पॅट्रियट यंत्रणेने मित्रराष्ट्र ब्रिटनचे टॉर्नेडो विमान शत्रूचे क्षेपणास्त्र समजून पाडले आणि दोन वैमानिक प्राणास मुकले. एकदा यंत्र बरोबर होते आणि माणसाने ऐकले नाही. एकदा यंत्र चुकले आणि माणसाने ऐकले. दोन्हीकडे उणीव होती ती थांबून तपासण्याच्या अवकाशाची.

आता पैशाकडे पुन्हा पाहू. लहान उद्योगाला बहुधा एकच मोठे गिऱ्हाईक असते, आणि पुढच्या पायरीची रक्कम मिळणे न मिळणे त्याच गिऱ्हाइकाच्या समाधानावर असते. मागणारा लष्कर, पारखणारा लष्कर, वापरणाराही लष्कर. अशा स्थितीत खऱ्या कारणापेक्षा समाधान देणारे कारण बनविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. त्यासाठी कारागीर अप्रामाणिक असावा लागत नाही. आपल्याच दाव्याचा निवाडा कोणी आपण करू नये, हे न्यायाचे जुने तत्त्व. या व्यवहारात तर ज्याच्या डोक्यावर बाँब पडावयाचा, तो पक्षकारसुद्धा नाही.

यावर कोणी म्हणेल, शत्रू कारणे विचारीत बसणार नाही, आणि आपण विचारीत बसलो तर आपले जवान मरतील. हा आक्षेप हलका नाही. क्षेपणास्त्र अंगावर येत असताना निबंध वाचता येत नाही. परंतु टॉर्नेडोमधील ते दोघे आपल्याच बाजूचे होते. घाईचे यंत्र स्वकीयांनाही ओळखत नाही. जेथे क्षणार्धात स्वसंरक्षण करावयाचे तेथील नियम निराळा असू द्यावा. जेथे लक्ष्य निवडण्यास तास आणि दिवस हाताशी असतात, तेथे घाईची सबब चालू नये.

म्हणून अनुदान देऊ नये असे माझे म्हणणे नाही. ते कशासाठी द्यावे, हा मुद्दा आहे. ‘मला निश्चित सांगता येत नाही’ असे म्हणणाऱ्या यंत्राचे मोल ठामपणे बोलणाऱ्या यंत्राहून कमी धरू नये. १९७७ च्या जिनिव्हा पुरवणी करारात, माणूस सैनिक की नागरिक असा संशय असल्यास त्याला नागरिक समजावे असे कलम आहे. अमेरिका आणि भारत त्या करारात सामील नाहीत, पण संशयाचा फायदा हे तत्त्व आपल्या न्यायालयांना नवे नाही. दुसरे, स्पष्टीकरण खरे आहे की नुसते पटणारे, याची परीक्षा खरेदीदाराहून स्वतंत्र अशा कोणी करावी. तिसरे, यंत्राची सूचना नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षण, वेळ आणि संरक्षण मिळावे. आणि ती स्वीकारणाऱ्याने आपले कारण स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या सहीने नोंदवावे. बोलणाऱ्या यंत्रावर एक रुपया खर्च झाला, तर ऐकणाऱ्या माणसावरही एक व्हावा.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सारे ज्ञान सांगून झाल्यावर भगवान अर्जुनाला म्हणतात की, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसे कर. प्रत्यक्ष परमेश्वरानेही निर्णय त्याच्यावरून काढून घेतला नाही. आणि ते सांगणे ऐकता यावे म्हणून दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ उभा होता. आपली यंत्रे बोलू लागली आहेत. त्यांचे बोलणे तपासून घेण्याइतका वेळ रथ थांबविण्याची तयारी राज्याने दाखविली नाही, तर कारणावर खर्च केलेला पैसा केवळ सबबीवर खर्च झाला, असेच म्हणावे लागेल.