सावलीचे ऋण

महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारशाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय, तेवढी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. बंगालमधील रेल्वे उड्डाणपुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने तर झाडाच्या आयुष्यातील प्रत्येक वर्षाचे मोल ७४,५०० रुपये असे मांडले. झाडाची थोरवी त्याने जगलेल्या काळात असते, ही जाणीव या दोहोंमागे आहे आणि ती स्वागतार्हच आहे. प्रश्न असा की, मोजता आलेली प्रत्येक हानी भरून काढता येते काय?

साठ वर्षांच्या चिंचेऐवजी साठ रोपे लावली की हिशेब जुळतो. न्याय होतोच असे नाही. साठ रोपांचे एकेक वर्ष मिळून साठ वर्षांचे एक झाड होत नाही. शिवाय रोपे लागतात ती मोकळ्या जागेत, बहुधा शहराच्या कडेला. सावली हरपते ती भर वस्तीतली. तिच्याखाली पथारी मांडून चपला शिवणाऱ्याला त्या दूरच्या रोपांचा काय उपयोग?

याउलट नव्या दिल्लीचे उदाहरण पाहावे. १९११ मध्ये राजधानी हलविण्याची घोषणा झाली आणि पुढे नव्या नगरीच्या रस्त्यांकडेला कडुनिंब, जांभूळ, अर्जुन, चिंच उभे राहिले. लावणाऱ्यांची सत्ता १९४७ मध्ये संपली. सावली उरली, आणि ती त्यांच्या कल्पनेतही नसलेल्या नागरिकांना लाभली. मात्र एकेका रस्त्यावर बहुधा एकाच जातीची, एकाच वयाची झाडे लावल्यामुळे ती एकत्रच वृद्ध होतात. आणि वारसदारांनी काय केले? बुंध्याभोवतीचे काँक्रीट काढण्याचा आदेश २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला द्यावा लागला.

आपल्या परंपरेत पितृऋण पितरांना परत केले जात नाही. ते पुढच्या पिढीच्या रूपाने फिटते. सावलीचे ऋणही तसेच आहे. परंतु ऋण आणि अपहार यांत भेद केला पाहिजे. ऋण उद्याच्या माणसाला फेडता येते. अपहार ज्याचा झाला, त्याचे देणे त्यालाच लागते. म्हणून नगरनियोजनाने रोपांच्या संख्येवर समाधान मानू नये. जुने झाड उभे असतानाच त्याच रस्त्यावर, मुळांना पुरेशी माती राखून, निरनिराळ्या वयांची झाडे वाढविणे हाच वृक्षारोपणाचा खरा धर्म होय. भरपाई हा त्या धर्माचा पर्याय नव्हे. तो पाळला गेला नाही, याची ती कबुली आहे.