वस्ती कशी आहे?

पोटापाण्यासाठीं खेडें सोडून तालुक्याच्या अगर जिल्ह्याच्या गांवीं राहावयास जाणारीं कुटुंबें आम्हांस बहुधा दोन प्रश्न विचारितात : खोलीचें भाडें किती, आणि वस्ती कशी आहे? पहिल्याचें उत्तर रुपयांत देतां येतें. दुसऱ्याचें उत्तर देतांना मात्र आमची जीभ अडखळते. कारण असें विचारणाऱ्याच्या मनांत पुष्कळदां "तेथें चोऱ्या किती होतात" हा प्रश्न नसून "तेथें कोण लोक राहतात" हा असतो. हे दोन प्रश्न एकच आहेत काय, ह्याचा विचार वाचकांनीं आमच्याबरोबर थोडा वेळ करावा अशी विनंति आहे.

कोणी सुशिक्षित म्हणेल कीं, ह्यांत विचार करण्यासारखें काय आहे? सरकारी आंकडे पाहावे म्हणजे झालें. आंकडे आहेत खरे. गुन्ह्यांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय विभाग १९८६ सालीं स्थापन झाला, व दर एक लक्ष लोकवस्तीमागें किती गुन्हे नोंदले गेले हें त्याच्या अहवालांत मांडलेलें असतें. "नोंदले गेले" हे दोन शब्द वाचकांनीं विसरूं नयेत. जो गुन्हा ठाण्याच्या दप्तरांत उतरला नाहीं तो त्या अहवालापुरता घडलाच नाहीं. शिवाय एकाच फिर्यादींत अनेक गुन्हे असले तर त्यांतील सर्वांत भारी तेवढाच मोजावा अशी मोजणीची रीत आहे. आणि हे आंकडे राज्यांचे व मोठ्या शहरांचे. नाल्याकाठच्या अमुक गल्लीचा आंकडा त्यांत कोणासहि सांपडावयाचा नाहीं. ह्यास्तव ज्या ठाण्यांत फिर्याद मन लावून लिहून घेतात तेथील आंकडा फुगलेला दिसेल, आणि जेथें गरिबास दारांतूनच परत लावून देतात तेथील वस्ती कागदावर साधुसंतांची दिसेल. सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं ललिताकुमारी खटल्यांत असा निर्णय दिला कीं, दखलपात्र गुन्ह्याची खबर आली तर ती नोंदलीच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें ती खबर कोणत्याहि ठाण्यांत देतां येते व तिची नक्कल फिर्यादीस फुकट मिळते. हें आमच्या खेड्यांतील बंधुभगिनींनीं पाठ करून ठेवावें.

परंतु नोंद न होण्याचा दोष नेहमीं पोलिसांचाच असतो असें नाहीं. येथें आम्हांस स्वतःची गोष्ट सांगणें भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही एका तालुक्याच्या गांवीं राहत असतां ओसरीवरून आमची सायकल नाहींशी झाली. आळींतील मंडळी जमली, आणि कोणी तरी नाल्यापलीकडील पालांकडे बोट दाखविलें. आम्ही होय म्हटलें नाहीं. पण नाहीं असेंहि म्हटलें नाहीं. सायंकाळपर्यंत आळींतील तरुणांनीं तीं पालें उलथून पाहिलीं व एका पंधरा वर्षांच्या मुलास मारिलें. चौथ्या दिवशीं सायकल सांपडली. आळींतल्याच एका प्रतिष्ठित गृहस्थाच्या मुलानें ती विकावयास नेली होती. वडीलधाऱ्यांनीं आम्हांस गळ घातली कीं, त्या घरची अब्रू जाईल, आतां फिर्याद नको. आणि आम्ही ती दिली नाहीं. म्हणजे चोरी झाली ती नोंदली गेली नाहीं, आणि मारहाण झाली तीहि नाहीं. त्या वर्षीं आमची आळी कागदावर निष्कलंक राहिली, व नाल्यापलीकडची वस्ती लोकांच्या तोंडीं चोरांची होती ती चोरांचीच राहिली.

अशी तोंडी नोंद पिढ्यान् पिढ्या कशी टिकते हें पाहावयाचें असेल तर सोलापुरास जावें. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला, व पुढें तो आपल्या प्रांतासहि लागला. मनुष्यानें काय केलें हें न पाहतां तो कोणत्या जातींत जन्मला हें पाहून त्यास गुन्हेगार ठरविण्याचा हा प्रकार होता. सोलापुरास अशा लोकांची वसाहत तारेच्या कुंपणांत होती. माणसें गिरण्यांत कामास जात आणि परत येऊन हजेरी देत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा रद्द झाला. कुंपण गेलें, परंतु 'सेटलमेंट' हें नांव शहराच्या त्या भागास आजहि चिकटलेलें आहे. लक्ष्मण गायकवाड ह्यांच्या 'उचल्या' ह्या आत्मकथनास १९८८ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. जन्मानेंच चोर ठरणें म्हणजे काय हें ज्यांस समजून घ्यावयाचें असेल त्यांनीं तें मिळवून वाचावें.

आणि भयाची मजल कोठवर जाते पाहा. धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें १ जुलै २०१८ रोजीं, बाजारच्या दिवशीं, मुलें पळविणारी टोळी आली आहे अशी आवई उठली, व नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच भिक्षेकऱ्यांस जमावानें ठार मारिलें. त्यांनीं कोणाचेंहि मूल पळविलें नव्हतें. त्या दिवशीं तेथें जो घोर गुन्हा झाला तो गांवाचें रक्षण करतों म्हणणाऱ्यांच्याच हातून झाला.

तर मग भिऊंच नये काय? असें आमचें म्हणणें नाहीं. रात्रपाळीहून एकटी परतणाऱ्या बाईस अंधाऱ्या बोळाचें भय वाटतें तें खरें भय आहे, आणि तिला उदारपणाचा उपदेश करणें हा निर्दयपणाच होय. पण तिचें भय निवारावयास दिवा पाहिजे, जवळचें शौचकूप पाहिजे, हांक मारिली असतां उघडणारें दार पाहिजे. शेजाऱ्याची जात कळल्यानें तिचा बोळ उजळत नाहीं. म्हणून कोणी आम्हांस वस्ती कशी असें विचारिलें म्हणजे आतां आम्ही उलट विचारितों : तेथें रात्रीं कोणी ओरडलें तर किती दारें उघडतात? आणि चोर म्हणून कोणास धरलें तर त्याला ठाण्यापर्यंत धडपणीं नेणारा तेथें कोणी आहे काय? हें अहवालांत मिळत नाहीं. त्यासाठीं तेथें चार रात्री काढाव्या लागतात, आणि सकाळीं नळावर उभें राहावें लागतें.

सायकल सांपडल्यावर पुढच्या आठवड्यांत आम्ही नाला ओलांडून त्या मुलाच्या आईकडे गेलों होतों. काय बोलावें हें ठरवून गेलों होतों, पण तें बोलवलें नाहीं. तिनें पोतें पसरून बसावयास दिलें, प्यावयास पाणी दिलें. मुलगा पालांतच होता. तो बाहेर आला नाहीं. आम्ही उठलों तेव्हां ती एवढेंच म्हणाली, "बाबा, आतां सायकलीला कुलूप लावत जावा."